वॉल्टरच्या रायफलची डबी

काकांच्या चष्म्याला दोन वेगवेगळ्या चष्म्यांच्या काड्या होत्या. उजवी काळी आणि जाड. डावी सोनेरी, बारीक, बहुतेक काकूंच्या जुन्या चष्म्याची. भाडेकरू म्हणून मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी राहिले तेव्हा मला वाटलं, बिचारे, परदेशातलं म्हातारपण वाईटच. आठवड्याभरात कळलं की त्या घरात बिचारं कुणी असेल तर त्या तिथल्या वस्तू. दुकानातून आली तशी एकही वस्तू त्या घरात राहिलेली नव्हती.

हे घर अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातलं. मी नागपूरहून तिथल्या युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्रात पीएचडी करायला आले होते. कॅम्पसच्या बसमार्गावरचं आणि फोडणीच्या वासाला न घाबरणारं घर मिळालं म्हणून बेसमेंटमध्ये राहिले, ती साडेचार वर्षं राहिले. काका मूळचे साताऱ्याकडचे, वडिलांचं लेथचं छोटं वर्कशॉप. इथे येऊन त्यांनी जन्मभर एका कारखान्यात साचे बनवले आणि रिटायर झाल्यावर अर्धा कारखाना बेसमेंटमध्ये आणला. माझ्या भिंतीच्या पलीकडे त्यांचं टेबल, त्यावर वस्तू आवळून धरायचा व्हाइस, आणि खिळ्यांना टांगलेल्या चौदा कानशी. सकाळी सहाला त्यातली एखादी सुरू व्हायची. मला अलार्म कधी लावावा लागला नाही.

‘बसत नाही’ हे शब्द त्या घरात उच्चारायची बंदी होती. एका कंपनीच्या मिक्सरवर दुसऱ्या कंपनीचं भांडं बसत होतं, त्यावर लोणच्याच्या बरणीचं झाकण बसत होतं. अमेरिकन कुकरवर काकांनी भारतीय शिट्टी बसवली होती. ती एका रविवारी वरणाच्या वेळेला उडून छताला लागली. छतावर पिवळा डाग पडला तो कायमचा. काकू पाहुण्यांना तो डाग बोट करून दाखवायच्या आणि म्हणायच्या, “हे ह्यांचं संशोधन.” डेंटिस्टने दिलेली कवळी टोचते म्हणून काकांनी ती स्वतःच घासली होती. डेंटिस्ट भयंकर चिडला, म्हणाला तोंड उघडा, दाखवा. बघितल्यावर त्याने पुन्हा तो विषय काढला नाही.

घासणं हा शब्द मात्र काकांना आवडायचा नाही. ते म्हणायचे, “समजूत घालतोय.” दोन वस्तू एकमेकींत जात नसल्या की त्यांची काहीतरी जुनी भांडणं आहेत अशा थाटात ते दोघींना उजेडात धरून बघत, पुटपुटत, कानशीचे तीन हात मारत आणि पुन्हा बघत. त्यांचा एकच नियम होता. जी वस्तू पुन्हा मिळेल तिला कानस लावायची. जी पुन्हा मिळणार नाही तिला बोट लावायचं नाही.

हा नियम त्यांनी एकदा माझ्यावरही चालवला. माझ्या गाईडने तिसरं चॅप्टर परत पाठवलं होतं आणि मी स्वयंपाकघरात त्याच्या नावाने शंख करत होते.

“गाईड दुसरा मिळेल का तुला?” काकांनी विचारलं.

“आता कुठला मिळतोय!”

“मग कानस कुणाला लावायची?”

“काका, मी तरी पुन्हा मिळणार आहे का?”

दोन दिवस ते माझ्याशी जपून बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला कानशीऐवजी दारावर टकटक झाली. काका बाहेर उभे. “तुला नाही. चॅप्टरला,” एवढं बोलून ते गेले. मी चॅप्टर पुन्हा लिहिलं. चांगलं झालं, हे मी गाईडजवळ आजही कबूल करणार नाही.

आता वॉल्टरबद्दल सांगायला हवं. वॉल्टर हा शेजारी. शाळेची बस चालवून रिटायर झालेला, बायको गेलेली, बोलण्यात कंजूष. त्या गावात आलेले पहिले भारतीय एकतर डॉक्टर होते नाहीतर प्रोफेसर, त्यामुळे वॉल्टर काकांना पहिल्या दिवसापासून ‘डॉक’ म्हणायचा आणि काकांनीही ते कधी सुधारलं नाही. काकू त्याला वॉल्टरभाऊजी म्हणायच्या, तोंडावर. “भाऊजी, चहा?” म्हटलं की तो मान हलवायचा. काकांनी आयुष्यात सर्वांत जास्त भांडणं वॉल्टरशी केली असतील. बर्फ कुणी कुठे लोटायचं यावरून तर एका हिवाळ्यात दोघं महिनाभर एकमेकांशी काकूंच्या मार्फत बोलत होते.

वॉल्टरकडे एक जुनी रायफल होती. लहान गोळीची, डबे पाडायला आणि कागदाच्या निशाणावर मारायला वापरतात तसली. बाराव्या वाढदिवसाला त्याच्या वडिलांनी दिलेली. तिचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरून रायफलच्या पोटात खालून सरकवायची पत्र्याची डबी, वॉल्टरने तरुणपणी एका ओढ्यात हरवली होती. रायफल बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. डबीशिवाय ती एकेक गोळी हाताने भरून चालवता यायची, तशी त्याने खूप वर्षं चालवली. पण आता संधिवाताने त्याची बोटं इतकी वाकली होती की तेवढीशी गोळी त्याच्या चिमटीत राहायची नाही. रायफल भिंतीवर टांगलेली राहिली.

त्या वर्षी वॉल्टरचं घर विकायला निघालं. तो वृद्धांच्या एका सेंटरमध्ये राहायला जाणार होता आणि तिथे रायफल नेता येत नाही. ती तो नातीला, केलीला देणार होता. केली ओहायोत नर्सिंग शिकत होती, लहानपणी निशाणेबाजी त्याच्याकडेच शिकलेली. ऑक्टोबरमध्ये वॉल्टरच्या शूटिंग क्लबची वर्षाची शेवटची स्पर्धा असे, आणि तिथे एकदा तिच्यासमोर वडिलांची रायफल चालवावी, मग तिच्या हातात द्यावी, एवढीच त्याची इच्छा. हे त्याने चहा पिताना सांगितलं. वॉल्टरच्या तोंडून एवढं लांब बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं. काकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “डबी मी बसवतो.”

तोपर्यंत काकांनी बंदूक हातात धरली नव्हती. आधी त्यांनी कायद्याची व्यवस्था केली, कारण त्यांना पोलिसांपेक्षाही पोलिसांच्या फॉर्मची भीती वाटायची. क्लबच्या सेक्रेटरीला त्यांनी दोन पानी ईमेल लिहिलं: अमुक रायफल, पाच गोळ्यांची डबी, दुसऱ्या मॉडेलची डबी घासून बसवणार, आपली हरकत आहे काय. सेक्रेटरीचं उत्तर आलं, “शुअर, व्हाय नॉट.” काकांनी ते प्रिंट करून फाइलला लावलं आणि त्याची एक प्रत माझ्याकडे ठेवायला दिली.

मग सहा महिने दुसऱ्या मॉडेलच्या डब्या पोस्टाने येत राहिल्या आणि भिंतीपलीकडे समजूत चालू राहिली. पहिली डबी आत जायची पण टिकायची नाही. दुसरी टिकायची पण बाहेर यायची नाही. ती काढायला वॉल्टर आणि काका दोघांनी मिळून अर्धा दिवस घालवला. तिसरी काकांनी रागाच्या भरात जास्त घासली. चौथीचं काय झालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. रायफलला त्यांनी ओरखडाही पडू दिला नाही. तिच्या नळीला काकूंचा जुना रेशमी ब्लाऊज गुंडाळलेला असे. गावातल्या मराठी मंडळात बातमी पसरायला वेळ लागला नाही. गणपतीच्या जेवणात एकाने मला बाजूला घेऊन विचारलं, “यार, काका ठीक आहेत ना? म्हणजे, पॉलिटिकली? बंदूकवाल्यांच्या बाजूचे झाले का?” मी म्हटलं, काकांचं राजकारण फक्त पत्र्याशी आहे.

सप्टेंबरच्या शेवटी पाचवी डबी बसली. खट्ट असा आवाज आला तो मी भिंतीतून ऐकला. पाठोपाठ काकांचा आवाज, “अगं ए, ऐकलंस का!” काकू वरून म्हणाल्या, “ऐकलं. आता जेवायला या.” क्लबवर नेऊन त्यांनी ती दोनदा तपासून घेतली. पाचच्या पाच गोळ्या सुरळीत गेल्या.

स्पर्धा शनिवारी होती, तोच दसरा. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्या घरात चौदा कानशी आहेत त्या घरात खंडेनवमी म्हणजे केवढा मोठा सण, हे सांगायला नको. बैठकीच्या खोलीत पाट मांडले. त्यावर कानशी, हातोड्या, व्हाइस, ड्रिल, माझा लॅपटॉप, काकूंची विळी, वॉल्टरकडून आणून परत न केलेलं बर्फाचं फावडं. मधोमध रिकामी रायफल, आणि तिच्यापुढे ती डबी. गोळ्या गॅरेजमध्ये कुलपात. डबी आडवी ठेवली तर दिसणार नाही म्हणून काकांनी ती तोंड वर करून उभी केली. ही त्यांची चूक. काकूंनी हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं आणि भाऊजींचं काम आहे म्हणून डबीवर जरा जास्तच अक्षता टाकल्या. ही काकूंची. मी लांबून, लग्नात टाकतात तशा नेम धरून टाकल्या. माझा नेम त्या दिवशी उत्तम लागला होता.

पूजा झाल्यावर त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही काकांच्या वडिलांच्या वर्कशॉपमधली रीत. काका एरवी देवाला फारसे मोजायचे नाहीत, पण या बाबतीत कडक. कानशींना दिवसभर सुट्टी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी डबीवरचं फूल उचललं, बाहेरून फडक्याने पुसली, डोक्याला लावली आणि पिशवीत टाकली.

क्लब गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी. झाडं लाल-पिवळी झालेली, लोक फोल्डिंगच्या खुर्च्या घेऊन आलेले. काकांनी अंगणातल्या रेडबडची पानं खिशात भरून आणली होती. ती आपट्यासारखीच दिसतात, आणि आपटा नसेल तर रेडबड बसतं असं त्यांचं मत होतं. भेटेल त्याला ते पान देत होते, “गोल्ड, गोल्ड,” म्हणत. केली आजोबांचा हात धरून आली. उंच, हसरी मुलगी, डोक्यावर केशरी टोपी. तिने पान टोपीत खोचलं. वॉल्टरने इस्त्रीचा शर्ट घातला होता. सोमवारी त्याचं सामान हलवायला माणसं येणार होती.

वॉल्टरचा नंबर शेवटच्या फेरीत होता. बारा वाजता रेंज, म्हणजे निशाणेबाजीचं मैदान, बंद व्हायची, मग जेवण. काकांनी डबीत पाच गोळ्या भरायला घेतल्या. दुसरी गोळी आत गेली आणि अडकली. त्यांनी ती काढली, पुन्हा भरली. पुन्हा अडकली. त्यांनी डबी हलवली तर आतून खुळखुळा वाजल्यासारखा आवाज आला.

रेंज ऑफिसर ही एक रिटायर्ड शिक्षिका होती, गळ्यात शिट्टी. ती आली, डबी उन्हात धरून तिने एका डोळ्याने आत बघितलं.

“डॉक, इज दॅट राइस?”

“येस,” काका म्हणाले.

“व्हाय इज देअर राइस इन युअर मॅगझिन?”

काकू पुढे झाल्या. “वुई प्रेड टू इट,” त्या म्हणाल्या. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि विचारलं, बासमती का? काकूंना हे फारच लागलं. त्या माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, “बासमती कोण वाया घालवतं गं? कोलम आहे म्हणावं.”

मी हसायला लागले, आणि मग काकांचा चेहरा बघून माझं हसू गेलं. ते डबी उलटी करून टेबलावर आपटत होते. तीन दाणे पडले. बाकीचे कुंकवाने चिकटलेले, स्प्रिंगच्या फटीत घुसलेले. काडीने, पिनेने, किल्लीने काढायला गेले तर आणखी आत जायचे. बारा वाजायला पंचवीस मिनिटं होती. बाकावर वॉल्टर दोन्ही वाकडे हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि केली त्याच्या शेजारी. काकांनी डबी खाली ठेवली, चष्मा काढला आणि म्हणाले, “नाही बसत.”

त्या डबीतल्या निम्म्या अक्षता माझ्या होत्या.

“सरका,” काकू म्हणाल्या.

“अगं, नाही निघणार ते.”

“तुम्ही लोखंडाचं बघा. तांदूळ माझा आहे.”

त्यांनी मला एक कागदी प्लेट आणायला लावली, डिकीच्या कडेवर बसल्या आणि बांगडीतली सेफ्टीपिन काढली. डबी मांडीवर कलती धरली आणि लहानपणापासून जे काम करत आल्या तेच करायला लागल्या: तांदूळ निवडायला. घाई नाही, जोर नाही. पिनेच्या टोकाने दाणा नुसता वळवायचा आणि बोटाने बाहेर ओढायचा. एक दाणा प्लेटमध्ये, दुसरा दाणा प्लेटमध्ये. मध्येच एक तुटका निघाला तर त्याचा जोडीदार सापडेपर्यंत पुढे गेल्या नाहीत. रेंज ऑफिसर बाई त्यांच्या खांद्यावरून बघत होत्या आणि दर दाण्याला हळूच आकडा म्हणत होत्या. शेवटी काकूंनी आतून कापड फिरवलं, फुंकर मारली, डबी कानाशी हलवून बघितली आणि काकांच्या हातात दिली. “घ्या. घाला समजूत.”

काकांनी पाच गोळ्या भरल्या. डबी रायफलमध्ये गेली. खट्ट.

वॉल्टर टेबलाशी बसला. केलीने त्याच्या कोपराखाली वाळूची पिशवी सरकवली. पाच गोळ्या मारायला त्याला चार मिनिटं लागली असतील. दोन कागदाला लागल्या, एक चौकटीच्या लाकडाला, उरलेल्या मागच्या मातीच्या ढिगात गेल्या. त्याने निशाणाकडे बघितलंही नाही. रायफल रिकामी करून ठेवली, तिच्या लाकडावर तळहात ठेवला आणि ती केलीकडे सरकवली. मग काकांकडे बघून म्हणाला, “इट फिट्स, डॉक.”

काका गाडीच्या मागे जाऊन दोन रंगांच्या काड्यांचा तो चष्मा बराच वेळ पुसत राहिले. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जेवताना केलीने ती कागदी प्लेट समोर ठेवून काकांना खोदून खोदून विचारलं. रेड पावडर काय, पिवळी काय, तांदूळ कशाला. काकांनी लोखंड, वडिलांचं वर्कशॉप, वर्षातून एक दिवस हत्याराचे उपकार मानायचे, असं सगळं गांभीर्याने सांगितलं. तिने फोनमध्ये लिहून घेतलं. मला वाटलं, सभ्य मुलगी आहे, म्हाताऱ्याचं मन राखतेय.

माझी पीएचडी झाली, मला शिकागोला नोकरी लागली. वॉल्टर त्या सेंटरमध्ये दोन वर्षं राहिला. काका दर गुरुवारी त्याच्याकडे जायचे आणि तिथल्या व्हीलचेअरींची समजूत घालून यायचे. वॉल्टर गेला, आणि मागच्या हिवाळ्यात काकाही गेले. काकू आता मुलाकडे रेडमंडला असतात. त्यांनी चौदापैकी एक कानस मला पाठवली. मला ती वापरता येत नाही. पण एखादी गोष्ट जमत नसली की मी ती खिळ्यावरून काढून हातात धरते, आणि मला काकांची फार आठवण येते.

या ऑक्टोबरमध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला. केली. आता ती नर्स आहे. काकूंकडून माझा नंबर घेतला म्हणाली. मला वाटलं, काकांबद्दल दोन शब्द बोलायला केला असेल. ते तिने बोलून घेतलं, आणि मग म्हणाली, “लिसन, रेड पावडर संपलीये. डॉक दरवर्षी पाकीट पाठवायचे. आता मी कुठून आणू?”

मी विचारलं, “यू डू इट एव्हरी इयर?”

“ऑफ कोर्स,” ती म्हणाली. तेल, साफसफाई आणि पूजा. डॉकने सांगितलं होतं तेच करते, आणि इतक्या वर्षांत डबी एकदाही अडकलेली नाही.

शनिवारी मी बस पकडून डेव्हन ॲव्हेन्यूवर, आपल्या दुकानांच्या रस्त्यावर, गेले आणि कुंकू, हळद आणि कोलमची सर्वांत लहान पिशवी घेतली. पोस्टातल्या माणसाने आत काय आहे विचारलं. मी म्हटलं, रायफलच्या मेन्टेनन्सचं सामान. त्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला पाकीट उघडून दाखवावं लागलं. बंद करण्याआधी मी आत एक चिठ्ठी टाकली: डबी उलटी ठेव, तोंड खाली. तांदूळ फक्त बाहेरून.